बिनक्लचची गाडी

वर्षातील तिसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, शहराबाहेर जाणाऱ्या हमरस्त्याच्या डाव्या अंगास, काचेच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या अवजड वाहनांच्या वर्कशॉपात, गाडीखाली उतरून काम करण्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खड्ड्यावर, एक सात टनी ट्रक तिसऱ्यांदा दाखल झाला. तक्रार तीच होती आणि तक्रार करणाराही तोच होता. बदल इतकाच की या खेपेस ट्रकबरोबर ट्रकचा मालक आला होता आणि मालकाबरोबर मालकाची बायको.

ड्रायव्हर हा या बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याला नोकरीवर ठेवणारा माणूस एकतर फार उदार असतो, नाहीतर त्याला घरात दुसरा पर्याय नसतो. मालक आपली गणना पहिल्या वर्गात करीत असे. भाऊ तिला ताई म्हणत असल्यामुळे वर्कशॉपातही पाच मिनिटांत ती सर्वांची ताई झाली. नवरा आणि भाऊ या दोघांपैकी एकही जण घरी येऊन खरी हकिकत सांगणार नाही, याची खात्री असल्यामुळे ती स्वतः आली होती. मागच्या दोन्ही खेपांना तिने दोन निरनिराळ्या हकिकती ऐकल्या होत्या, आणि त्या एकाच ट्रकच्या आहेत हे तिला नंबरावरून ताडावे लागले होते.

“आज शेवटचं,” मालक खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला. “मास्तर म्हणाले गाडीत दोष आहे, तर गिअरबॉक्स उतरवू. म्हणाले दोष नाही, तर उद्यापासून तू गोदामाच्या फाटकावर. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे आणि जाणाऱ्यांचे खोडायचे.”

“आणि ही गाडी?” ड्रायव्हरने विचारले.

“ही दुसरा चालवेल. ज्याच्या हाताखाली ती घसरत नाही असा कोणीतरी.”

ड्रायव्हरने ट्रककडे पाहिले. त्याने अठ्ठावीस वर्षे ट्रक चालवला होता, आणि फाटकावरच्या खुर्चीला चाके नव्हती.

“मास्तर जे म्हणतील ते दोघांना मान्य?” ताईने विचारले.

“मान्य,” मालक म्हणाला.

“मान्य,” ड्रायव्हर म्हणाला, परंतु जरा उशिराने.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवीत नव्हते. गेली एकोणीस वर्षे ते या वर्कशॉपात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम पाहत होते. नोंदवहीत दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये लाल शाईने दुरुस्त करण्याच्या सवयीमुळे त्यांना हे नाव पडले होते. त्यांचे मत असे होते की बिघाड निम्मा यंत्रात असतो आणि निम्मा तक्रारीच्या भाषेत, आणि दुसरा निम्मा आधी काढल्याशिवाय पहिला सापडत नाही. याच ट्रकच्या पहिल्या खेपेस ड्रायव्हरने वहीत लिहिले होते, “गाडी मन लावून ओढत नाही.” मास्तरांनी ‘मन लावून’वर काट मारली होती आणि समासात प्रश्नचिन्ह काढले होते.

“बोला,” ते आता म्हणाले. “काय होतं?”

“घसरते.”

“चाक घसरतं, पट्टा घसरतो, माणूस घसरतो. तुमचं नेमकं काय घसरतं?”

“गिअर पडलेला असतो, मास्तर. चढ असतो. गाडी छान चाललेली असते. आणि एकदम इंजिन ओरडायला लागतं, फेऱ्यांचा काटा वर जातो, पण वेग काही वाढत नाही. इंजिन ओरडतंय आणि गाडी ऐकतच नाही.”

“आमच्याकडे हे रोजचंच आहे,” ताई म्हणाली.

मालकाने तिच्याकडे पाहिले. तिने नोंदवही पुढे ओढली आणि वाचू लागली.

“हे आठ महिने होतंय?” मास्तरांनी विचारले.

“गाडी घेऊन आठ महिने झाले. घसरायला लागून चार.”

“डावा पाय ब्रेकवर ठेवता का?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारलेला नव्हता. क्लचच्या गाड्या चालवून आलेल्या माणसाचा डावा पाय ऑटोमॅटिक गाडीत बेकार होतो, आणि बेकार पाय शेजाऱ्याच्या कामात लुडबुड करू लागतो, असा त्यांचा अनुभव होता.

“नाही, मास्तर. आईची शपथ.”

“आई माझीही आहे,” वहीतून मान न काढता ताई म्हणाली. “सांभाळून.”

“ताई, तुझी शपथ मग. ब्रेकला डावा पाय लावला असेल तर हाच ट्रक माझ्यावरून जाऊ दे.”

“तो चढावर असेल तर जाणार नाही,” मालक म्हणाला. “घसरेल.”

ड्रायव्हरचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे पुढे दिसेलच. मास्तरांनी त्याच्या डोळ्यांत पाहिले, तेथे त्यांना लबाडी आढळली नाही, आणि त्यांनी हा मुद्दा निकालात काढला. माणसाचा शब्द घेतला की तो पुन्हा तपासायचा नाही, हा त्यांचा नियम होता. यंत्राचा मात्र ते एकही शब्द तपासल्याशिवाय घेत नसत.

त्यानंतर पावणेदोन तास त्यांनी ट्रकची उलटतपासणी घेतली. गिअरबॉक्समधील तेलाची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या कागदावर टेकवली. तेल तांबडे होते, किंचित काळपट, पण त्याला जळकट वास नव्हता, आणि बोटांत चोळले असता कीस लागत नव्हता. स्कॅनरची वायर डॅशबोर्डाखालच्या सॉकेटात खोचली. गाडीच्या संगणकाने एकही दोष नोंदवलेला नव्हता. मग चारही चाकांखाली लाकडी ठोकळे लावून, सगळ्यांना समोरून बाजूला व्हायला सांगून, ते स्वतः सीटवर बसले, ब्रेक पूर्ण दाबून धरला, गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवला. ट्रक जागच्या जागी थरथरला. काचेच्या कारखान्यातून कोणीतरी खिडकी बंद केली. पाच सेकंदांनी मास्तरांनी पाय काढला.

“मिनिटाला एकवीसशे चाळीस फेरे,” ते खाली उतरून म्हणाले. “पुस्तकात एकवीसशे पन्नास दिले आहेत.”

“म्हणजे दहा कमी,” मालक आशेने म्हणाला. आशा नेमकी कशाची, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

“दहा म्हणजे काहीच नाही. कन्व्हर्टर घसरत असता तर इंजिन मोकाट सुटलं असतं. चोवीसशे, पंचवीसशे.”

“हा कन्व्हर्टर म्हणजे काय ते मला कोणी अजून सांगितलेलं नाही,” ताई म्हणाली. “चार महिने मी नुसतं नाव ऐकतेय.”

मास्तरांना प्रश्न आवडला. “दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक वीज लावून सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. पहिला पंखा इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा. म्हणून क्लच लागत नाही.”

“म्हणजे दोघांची गाठच पडत नाही? नुसतं तेलावर चाललंय?”

“सुरुवातीला तेलावर. वेग आला की आतमध्ये एक छोटा क्लच असतो, तो दोघांना घट्ट जोडून टाकतो.”

“लग्नाच्या उलट,” ताई म्हणाली, आणि पान उलटले. “बरं, मास्तर, या वहीत मागच्या दोन्ही वेळेला ब्रेकच्या दिव्याचे बल्ब बदललेत. एवढे बल्ब कसे जातात?”

“हल्ली बल्ब हलकेच येतात गं,” ड्रायव्हर म्हणाला.

त्या क्षणी कोणीही त्याला विरोध केला नाही, कारण हल्ली सर्वच वस्तू हलक्या येतात यावर वर्कशॉपात दुमत नव्हते.

मग मास्तर मालकाला शेजारी बसवून ट्रक बाहेर घेऊन गेले. वर्कशॉपापासून दीड किलोमीटरवर पाण्याच्या टाकीकडे जाणारा लांबलचक चढ होता. परिसरातील प्रत्येक गाडीची कुवत त्या चढावर जोखली जाई. ट्रक तो चढ चढला. काटा स्थिर राहिला. परत येताना मालकाचा चेहरा खटला जिंकलेल्या पक्षकारासारखा झाला होता.

“लोण्यासारखी चढली,” तो खाली उतरता उतरता म्हणाला. “नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काही नाही.”

“आता तुम्ही चालवा,” मास्तर ड्रायव्हरला म्हणाले. “मी बाजूला बसतो.”

येथे एक गोष्ट सांगून टाकणे भाग आहे, जी त्या वेळी तेथील चौघांपैकी एकालाच ठाऊक होती.

आठ महिन्यांपूर्वी ट्रक ताब्यात देताना विक्रेत्याच्या माणसाने अर्ध्या तासाचे प्रशिक्षण दिले होते. त्याचा सारांश एका वाक्यात होता: डावा पाय वापरू नये. ड्रायव्हरने मान डोलावली होती. पहिल्याच दिवशी, गिअर आपोआप बदलला तेव्हा, त्याचा डावा पाय उठला आणि हवेत दाबला गेला. दिवसभरात असे चारशे वेळा घडले असावे. संध्याकाळी त्याची मांडी भरून आली. न केलेल्या कामाने पाय दुखतो, हे तो कोणाला सांगणार? आठवडाभर त्याने पाय सीटखाली दुमडून पाहिला, आडवा टाकून पाहिला, चप्पल काढून पाहिली. मग एका रविवारी त्याने मोडक्या खोक्याची एक फळी घेतली, तिला कपाटाच्या दोन बिजागऱ्या लावल्या, खाली सायकलच्या सीटची स्प्रिंग बसवली, आणि वर रबर ठोकले. रबर जुन्या ट्रकच्या क्लचचे होते. तो ट्रक विकला गेला त्या दिवशी त्याने ते काढून खिशात टाकले होते. त्याचा एक कोपरा त्याच्याच पायाने झिजून गुळगुळीत झाला होता. ही फळी त्याने ब्रेकच्या डाव्या हाताला, जेथे पूर्वी क्लच असे तेथे, हाताने फिरणाऱ्या दोन नटांनी जमिनीला आवळली. गिअर पडल्याचा आवाज आला की तो ती दाबी. बाकी वेळ तिच्यावर पाय ठेवून असे. काही होत नसे, पण पाय शांत झाला.

ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही. पन्नाशी उलटलेला माणूस खेळण्यातला क्लच दाबत गाडी चालवतो, हे भाऊजींना कळले असते तर घरच्या प्रत्येक जेवणात त्याला त्याची फोडणी मिळाली असती. म्हणून घरी पोहोचण्यापूर्वी, आणि वर्कशॉपला येण्यापूर्वी तर न चुकता, तो पेट्रोल पंपामागे गाडी थांबवी, दोन नट फिरवी, आणि फळी सीटमागच्या घोंगडीत गुंडाळून ठेवी. आजही ती तेथेच होती.

ती फळी आणि ट्रकचे घसरणे यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. ब्रेकला पाय न लावण्याची शपथ त्याने शुद्ध मनाने घेतली होती.

त्याने ट्रक चढावर घेतला. मास्तर शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसले. ट्रकने अर्धा चढ कापला, पाऊण कापला. ड्रायव्हरचा डावा पाय प्रत्येक गिअरला नुसत्या जमिनीवर दाबला जात होता. काटा हलला नाही. ड्रायव्हर मनातल्या मनात ट्रकला घसरण्याची विनंती करीत होता. त्याने आयुष्यात कुठल्याही गाडीकडे एवढ्या कळकळीने काही मागितले नव्हते. ट्रक टाकीपाशी पोहोचला आणि सालस मुलासारखा उभा राहिला.

“घसरली नाही,” मास्तर म्हणाले.

“डॉक्टरसमोर दुखणं थांबतं, मास्तर, तसं झालंय.”

“रस्त्यात खरंच होतं?”

“खोटं बोलून मला काय मिळणार? फाटक?”

मास्तरांनी त्यावर उतरणीभर विचार केला.

वर्कशॉपात मालक वाट पाहत होता. “लिहा मास्तर,” तो म्हणाला, “दोष आढळला नाही. तिसऱ्यांदा.”

“नाही लिहिणार.”

“का? दोष आढळला का?”

“आढळला नाही, म्हणजे नाही असं होत नाही. मागच्या दोन वेळा मी ‘दोष आढळला नाही’ लिहिलं. ते माझ्याविषयीचं वाक्य आहे, गाडीविषयीचं नाही. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस इंजिनाचा आवाज स्वप्नात ऐकत नसतो. मी याच्या शब्दावर गिअरबॉक्स उतरवतो आणि कन्व्हर्टर कापतो. आत काय आहे ते डोळ्यांनी बघू.”

“कापायचा?”

“तो वेल्डिंगने बंद केलेला असतो. लेथवर दोन तुकडे केल्याशिवाय आत दिसत नाही. एकदा कापला की तो पुन्हा तसाच्या तसा लावायचा नाही, नवा बसवायचा. तीन दिवस गाडी इथेच.”

मालकाने मेहुण्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि आपण सकाळी काय कबूल केले होते ते आठवले. “उतरवा,” तो म्हणाला. “मास्तर म्हणतील ते.”

अशा रीतीने, कोणताही पुरावा नसताना, ड्रायव्हर जिंकला.

खड्ड्यात दिवा सोडला गेला. गिअरबॉक्सखाली जॅक सरकवला गेला. मास्तर बाही दुमडून खाली उतरले. ड्रायव्हर काठावर उकिडवा बसला होता; आपल्यावर कोणी इतका विश्वास टाकला की माणसाला गप्प बसवत नाही, आणि काहीतरी बोलायचे म्हणून त्याने विचारले, “मास्तर, एकदम चालता चालता घसरते, ती कशामुळे घसरत असेल?”

“एकदम होतं म्हटल्यावर आतला छोटा क्लच सुटत असणार,” खालून आवाज आला. “तो सुटला की दोघं पुन्हा तेलावर येतात. फेरे तीनशेनं वाढतात, वेग तोच राहतो. अगदी तुम्ही म्हणता तसं. मुद्दाम सोडवायचा झाला तर सोपं आहे. ब्रेकला नुसता पाय लागला तरी गाडी समजते की आता थांबायचंय, आणि आतला क्लच सोडून देते. सूतभर ढकललं तरी पुरे. मागचा दिवा पेटतो ना, तोच इशारा. पण तुमचा पाय ब्रेकवर नसतोच, म्हणून तो प्रश्न नाही.”

“मागचा दिवा,” ताई म्हणाली. तिने वही मिटलेली नव्हती. “म्हणजे बल्ब.”

मास्तर खाली पान्ह्यांची निवड करण्यात गढले होते; त्यांनी ते ऐकले नाही. ड्रायव्हरने ऐकले.

चार महिन्यांपूर्वी फळीची एक बिजागरी सैल झाली होती. तेव्हापासून ती दाबली की उजवीकडे किंचित लवत असे. किती लवते, हे पाहण्याचे त्याला कारण पडले नव्हते. मागून येणाऱ्या गाड्या अलीकडे चढावर त्याला उगाचच हॉर्न देत, त्याचेही कारण त्याने शोधले नव्हते. लोकांच्या स्वभावाला तो जबाबदार नव्हता. आता बिजागरी, हॉर्न आणि बल्ब या तिन्ही गोष्टी एकदम त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

पाना बोल्टला लागल्याचा आवाज झाला.

त्याच्या ध्यानात आले की त्याला काहीही करावे लागणार नाही. कन्व्हर्टर कापला जाईल, नवा बसेल. परतीच्या वाटेवर फळी पुलावरून खाली टाकली की गाडी पुन्हा कधी घसरणार नाही. सगळे म्हणतील, बघा, गाडीतच दोष होता, हा उगाच बोलत नव्हता. भाऊजी एखादे वेळी तसे तोंडावरही म्हणतील. लेथवर दोन तुकडे होऊन पडलेल्या चांगल्या कन्व्हर्टरकडे मास्तर मात्र पाहतील, त्यात त्यांना काही आढळणार नाही, आणि तरीही त्याच्या शब्दाखातर ते वहीत ‘दोष होता’ असे लिहितील. लाल शाईने कोणी ते दुरुस्त करणार नाही, कारण लाल शाई त्यांच्याकडेच होती.

“थांबा, मास्तर,” तो म्हणाला.

तो केबिनमध्ये चढला, घोंगडी उलगडली, आणि फळी घेऊन खाली आला. ती त्याने वर्कबेंचवर, नोंदवहीशेजारी ठेवली. स्प्रिंग एकदा किरकिरली.

“हे काय?” मालकाने विचारले.

“क्लच.”

मालकाच्या चेहऱ्यावर तीन-चार वाक्ये एकाच वेळी बाहेर पडू पाहत होती आणि दारातच अडकली होती. शेवटी एक सुटले. “काखेत कळसा! तीन खेपा, आणि काखेत कळसा!”

“अहो, थांबा जरा,” ताई म्हणाली. भावाकडे वळून तिने हळू विचारले, “हे रबर त्या जुन्या गाडीचं ना रे?”

“हो.”

तिने झिजलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले.

मास्तर खड्ड्यातून वर आले, हात पुसले, आणि फळी उचलून सर्व बाजूंनी पाहिली. ते हसले नाहीत. त्यांनी सैल बिजागरी बोटाने हलवली, खिशातून पट्टी काढली, आणि दोन मापे घेतली. “बसवा,” ते म्हणाले.

ड्रायव्हरने नट आवळले. मास्तरांनी सगळ्यांच्या जागा नेमून दिल्या: ड्रायव्हर सीटवर, ते स्वतः पायदानावर स्कॅनर घेऊन, मालक शेजारी टॉर्च धरून, ताई ट्रकच्या मागे.

“दाबा.”

फळी खाली गेली, उजवीकडे लवली, आणि तिच्या कोपऱ्याने ब्रेकच्या पेडलला स्पर्श केला. स्पर्श इतका मऊ होता की मालकाला टॉर्च जवळ नेऊनही तो दिसायला वेळ लागला.

“पेटला,” मागून ताईचा आवाज आला.

“सोडा.”

“विझला.”

“नुसता पाय ठेवा. दाबू नका.”

“पेटला,” ताई म्हणाली. “अरे, हा पेटलेलाच आहे. चार महिने तू दिवाळी असल्यासारखे दिवे जाळत फिरतोयस!”

मग चौघेही केबिनमध्ये दाटीवाटीने बसून टाकीच्या चढावर गेले. ट्रक छान चढत होता. “आता,” मास्तर म्हणाले. ड्रायव्हरने डावा पाय दाबला. इंजिन ओरडले, काटा तीनशे फेऱ्यांनी वर गेला, वेग होता तेथेच राहिला.

“घसरली!” ड्रायव्हर ओरडला. त्या आवाजात लाज किती आणि आनंद किती, हे वेगळे काढता येण्यासारखे नव्हते. चार महिन्यांत प्रथमच ती साक्षीदारांसमोर घसरली होती.

“घसरली नाही,” मास्तर म्हणाले. “तुम्ही सोडवलीत. सोडा पाय. बघा, आतला क्लच पुन्हा जोडला. दाबा. सुटला. तुम्हाला वाटत होतं, खेळणं केलं. बिनक्लचच्या गाडीला तुम्ही चालता क्लच बसवलाय. तिथल्या तिथे, सायकलच्या स्प्रिंगवर. तो कंपनीला सुचला नाही.”

ड्रायव्हरने चढ संपेपर्यंत दोन्ही पाय जपून ठेवले.

वर्कशॉपात परत येईपर्यंत मालकाची वाक्ये ओळीने लागली होती. “म्हणजे गाडीत दोष नाही,” तो म्हणाला. “सकाळी ठरलं होतं. दोष नसेल तर फाटक.”

“का म्हणून?” ताई म्हणाली.

“अगं का म्हणून काय? त्याला शिकवलं होतं ना? डावा पाय वापरू नये. मीही होतो तिथे.”

“वापरू नये. बरं. मग ठेवायचा कुठे?”

“काय?”

“पाय. घरी काढून ठेवायचा का? उजव्याला काम सांगितलं, हातांना काम सांगितलं. डाव्याला नको म्हणाले, पण जागा कोणी दिली? तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा बघते हं मी, तुम्ही घरात कुठे बसता ते.”

मालकाने आपल्या डाव्या पायाकडे पाहिले.

मास्तर केबिनमध्ये डोके घालून पट्टीने जमीन मोजत होते: ब्रेकपासून दारापर्यंत, मग फळीची रुंदी, मग उरलेली जागा. बाहेर येऊन त्यांनी वही ओढली. मागच्या दोन्ही नोंदींतील ‘दोष आढळला नाही’ या शब्दांखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘मी पुरेसे विचारले नाही.’ मग नव्या नोंदीची तारीख घातली आणि पेन तसेच हातात धरून राहिले.

“काय लिहिताय?” मालकाने विचारले. “दोष कुणाचा? गाडीचा की माणसाचा? एकदाचं सांगून टाका, म्हणजे मी मोकळा.”

ड्रायव्हर उभा राहिला. वजन त्याने दोन्ही पायांवर सारखे घेतले होते.

“कन्व्हर्टर चांगला आहे. ड्रायव्हर चांगला आहे, तोच चालवेल,” मास्तर म्हणाले. “बिजागरी बदला, आणि फळी चार बोटं डावीकडे घ्या.”